पुसलेला गंज

लोक मला तलवारींचे फोटो पाठवतात. सकाळी चहाचा कप हातात असतो आणि मोबाइलवर कुणाचं तरी पातं येऊन पडलेलं असतं. खाली एकच ओळ: "चाचा, खरी का?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. मीही तेवढ्यातच उत्तर देतो, "मूठ काढून फोटो पाठवा." निम्मे लोक तिथेच गप्प होतात. जे गप्प होत नाहीत, त्यांच्याशी मी पुढचं बोलतो.

माझं नाव यासीन शिकलगार. कसबा पेठेत आमची ही चौथी पिढी. शिकलगार म्हणजे हत्यारांवरचा गंज काढून त्यांना धार आणि झिलई देणारा. अब्बांच्या दुकानात दसऱ्याच्या आगेमागे तलवारी, पट्टे, खंजीर यांची रांग लागे आणि उरलेले अकरा महिने कात्र्या, अडकित्ते, विळ्या. तलवारींवर पोट भरायचे दिवस अब्बांच्याही आधीच संपले होते. पुढे मी एका वस्तुसंग्रहालयात शस्त्रविभागात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. वाटलं, आता आराम. पण इंटरनेटवर धर्मादाय लिलाव सुरू झाले आणि नवंच काम पाठीशी लागलं. कुणी घरातली जुनी वस्तू दान देतं, लोक घरबसल्या बोली लावतात आणि आलेले पैसे एखाद्या शाळेला किंवा इस्पितळाला जातात. असे लिलाव चालवणाऱ्या एका संकेतस्थळासाठी मी तलवारी तपासतो. त्यातही जपानी जास्त.

पुण्यात जपानी तलवारी कुठून आल्या, असं बरेच जण विचारतात. ब्रह्मदेशातून आल्या. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे शिपाई तिकडे लढले. शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या आणि त्यांतल्या काही पत्र्याच्या ट्रंकांमधून आपल्या खेड्यापाड्यांत आल्या. काहींचं पातं कारखान्यात झटपट केलेलं असतं. काहींचं मात्र त्या अधिकाऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं, फक्त वरची मूठ आणि म्यान फौजी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

या कामात दोन गोष्टी तपासायच्या असतात, तलवार आणि दान. लोकांना वाटतं तलवार अवघड. मला विचाराल तर दान अवघड. तलवार स्वतःहून खोटं बोलत नाही. एकदा एका बाळाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून तलवार आली होती. फोटोतलं पातं असं अस्सल की माझे हात शिवशिवले. पण पत्ता सिंहगड रस्त्याचा आणि फोटोतल्या खिडकीबाहेर बर्फ. फोटो परदेशातल्या कुठल्याशा संग्रहातून उचललेले होते. इस्पितळाला फोन केला तर त्या नावाचं बाळच तिथे नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्याच्या नावाने लिलाव, त्याला फोन, जो वस्तू देतो, त्याला फोन, आणि मगच अहवाल. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर जाऊ शकत नाही, हेही पहिल्याच फोनवर सांगून टाकतो. पुष्कळांचा दानशूरपणा तिथेच ओसरतो.

एक निवृत्त गृहस्थ अनाथाश्रमाला देण्यासाठी तलवार घेऊन थेट घरी आले होते. पात्याच्या धारेवर ढगांसारखी एक पांढुरकी रेघ असते. पात्याला माती लावून, तापवून, पाण्यात बुडवलं की ती उमटते. यांच्या तलवारीवर ती आम्लाने काढलेली होती, आणि तीही पाठीच्या बाजूला. मी म्हणालो, "साहेब, ही शोभेची आहे." ते म्हणाले, "असं तुम्ही लेखी देणार?" "देणार." "मग राहू द्या. तोंडी खोटी असलेली चालते आम्हाला." चहा मात्र पूर्ण पिऊन गेले.

आता मूठ काढून फोटो का मागतो ते सांगतो. तलवारीचं पातं मुठीच्या आत शिरतं. त्या भागाला जपानी नाव आहे, मी त्याला शेपूटच म्हणतो. आपल्या तलवारीची मूठ राळ ओतून कायमची बसवलेली असते. जपानी मूठ बांबूच्या एका छोट्या मेखेवर असते. मेख ठोकून काढली की मूठ हातात येते आणि शेपूट उघडी पडते. तिच्यावर काळसर गंज असतो, जुन्या लोखंडी तव्याच्या बुडासारखा. तो गंज म्हणजे तलवारीचं वय. शेकडो वर्षं त्याला कुणी पुसत नाही. पात्याला दर काही वर्षांनी झिलई देतील, पण शेपटीला हात नाही. खोट्या तलवारीच्या शेपटीवर एक तर गंज नसतो, किंवा असला तरी तरुण असतो, तांबूस आणि भुसभुशीत.

हे मला संग्रहालयात आलेल्या एका जपानी पाहुण्यांनी शिकवलं. म्हातारे गृहस्थ. आमच्याकडच्या एका जपानी तलवारीपुढे आधी वाकले, मग पितळी हातोडीने मेख काढली, मूठ सोडवली आणि तो काळा गंज पाहून लहान मुलासारखे हसले. मी आपला शिकलगाराचा मुलगा. गंज दिसल्याबरोबर माझा हात फडक्याकडे गेला. त्यांनी माझं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं. मी फडकं खाली ठेवलं तेव्हा सोडलं.

त्या क्षणी मला एक सुभेदार आठवले. त्यांची गोष्ट मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आलो होतो.

तेव्हा मी पंचविशीत होतो. खंडेनवमी तोंडावर आली होती. खडकवासल्याच्या बाजूच्या एका गावातून साठीचे एक निवृत्त सुभेदार दुकानात आले. ब्रह्मदेशातून आणलेली तलवार होती. पातं पुसून तेल लावून द्या, म्यानात अडकतं तेवढं बघा आणि मूठ खोलू नका, असं अब्बांना सांगून गेले. गिऱ्हाईक असं बरंच काही सांगतं. दुसऱ्या दिवशी अब्बा एका लग्नाला सोलापूरला गेले आणि तलवार माझ्या हाती आली. मी मूठ खोलली. आत काळा गंज. शिकलगाराच्या दुकानातून तलवार बाहेर पडते आणि तिच्या मुठीत गंज राहतो, हे मला सहन होईना. मूठ खोललीच तर आतलं साफ केल्याशिवाय बसवायची नाही, असं आमचं शिक्षण. दोन दिवस बसलो. विटेची पूड, तेल, पॉलिश पेपर. बोटांची सालटी निघाली, पण शेपूट अशी केली की तीत तोंड दिसावं. मग घरची रीत म्हणून मुठीखाली झाकलं जाईल अशा जागी पोलादी पंच ठोकून तीन ठिपके मारले, चुलीच्या तीन दगडांसारखे. पणजोबांपासून आमच्या हातून गेलेल्या प्रत्येक हत्यारावर ही खूण असे, म्हणजे ते परत आलं तर आपलं म्हणून ओळखता यावं.

सुभेदार न्यायला आले. त्यांनी विचारण्याआधीच मी मूठ काढून शेपूट पुढे धरली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान चकचकीत केलंस, पोरा." आणि गेले. अब्बा कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. माझ्या कामाला मिळालेली ती पहिली शाबासकी.

जपानी पाहुण्यांनी मनगट धरलं तेव्हा सुभेदारांच्या तलवारीचं मी काय करून ठेवलं ते कळलं, हे खरं. पण लगेच मनाने बाजू मांडली: मालक खूश होता ना? मग तक्रार कसली? तो विषय मी तिथेच बंद केला, आणि फार घट्ट बंद केला.

गेल्या वर्षी केतकीचा फोन आला. केतकी ही त्या संकेतस्थळावर तपासणीचं काम पाहणारी मुलगी, माझ्या नातीच्या वयाची. हुशार, आणि मी सांगितलेलं वहीत लिहून घेणारी.

"चाचा, एक अर्जंट आहे. डेफ मुलांच्या शाळेसाठी आहे. नऊ मुलांची हिअरिंग एड्स घ्यायची आहेत. डोनर एक आजी आहेत, त्या शाळेत स्वयंपाक करायच्या. त्यांच्या सासऱ्यांची तलवार आहे. आज बघाल, प्लीज?"

सहा फोटो होते. शाळेतल्या कुणी बाईंनी काढलेले, थोडे काळपट. त्या महिन्यात मी लागोपाठ दोन बनावट तलवारी पकडल्या होत्या आणि माझी मान जरा ताठच होती. शेपटीवर वरवर तांबूस गंज, खाली स्वच्छ लोखंड. तरुण गंज. कसल्याशा पंचाच्या खुणा, कारखान्याच्या असाव्यात. पात्यावर मुठीजवळ पाच बारीक खड्डे, जुनेपणा दाखवायला आम्लाने पाडलेले. पंधरा मिनिटांत माझं मत झालं.

"खोटी आहे," मी म्हणालो.

"आजींना फोन करू का? तुम्ही नेहमी करायला सांगता."

"त्या काय सांगणार? सासऱ्यांनी ब्रह्मदेशातून आणली. सगळे तेच सांगतात. कहाणीवर जाऊ नकोस, लोखंडावर जा."

तिने ते वहीत लिहून घेतलं असणार. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर त्या तलवारीखाली लाल अक्षरांत आलं, "तपासणीत बनावट आढळल्याने लिलाव मागे घेण्यात येत आहे." मी ते वाचलं आणि समाधानाने दुपारची झोप काढली.

आठ-दहा दिवसांनी दारात एक बाई उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, घामाने डबडबलेल्या. कसब्यात आमच्या बोळात रिक्षा येत नाही, त्यामुळे कोपऱ्यापासून चालत आल्या होत्या. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

"तलवार खोटी म्हननारे तुमीच का?"

"मीच. बसा, ताई."

"बसाया न्हाई आले." पण पाय थकले होते, बसल्या. नाव सांगितलं, वत्सला. "तुमी लिवलं अन् गावभर झालं. लोक म्हनत्यात, म्हाताऱ्यानं जुन्या बाजारातनं आनली अन् ब्रह्मदेशाची म्हनून जल्मभर मिरवली. शाळेच्या बाई माझ्याशी धड बोलंनात. पंधरा वरसं त्या पोरांना जेवू घातलंय मी. त्यांची कानाची यंत्रं यायची हुती. आता मी बी खोटी, माजा सासरा बी खोटा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुमी हातात घिऊन बघितली का तिला?"

"नाही."

"मग कशी कळली?"

मी हात पुढे केले आणि त्यांनी घोंगडी सोडली.

तलवार हातात आल्याबरोबर मनगटाला वजन कळलं. खोट्या तलवारीचं वजन टोकाकडे ओढतं, ही हातात शांत बसली. पातं म्यानातून काढून खिडकीच्या उजेडात तिरपं केलं. धारेवरची रेघ दिसली, दुधावर साय धरताना दिसते तशी, आणि पोलादात लाकडातल्यासारख्या बारीक रेषा. हे फोटोत येत नाही. ते हातातच बघावं लागतं, हे मी स्वतः दहा जणांना शिकवलं आहे.

"हे पाच खड्डे कसले?" मी विचारलं.

त्यांनी आपली पाच बोटं त्या खड्ड्यांजवळ नेली. "मामंजींची बोटं ती. दर खंडेनवमीला वलं कुंकू लावायचे पाची बोटांनी, त्याच जाग्यावर. अन् वरीसभर पुसू द्यायचे न्हाईत."

मी कसब्यात जन्मलो. खंडेनवमीला कुंकू लागलेल्या तलवारी दुसऱ्या दिवसापासून आमच्याच दुकानात यायच्या, कुंकवाने लोखंड कसं खातं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. आणि मी लिहिलं होतं, आम्ल.

मेख ठोकून काढली. मूठ सोडवली. शेपटीवरचा तांबूस गंज अंगठ्याने चाचपला तेव्हा खाली तीन ठिपके लागले. खालचा एक जरासा घसरलेला. पंच मारताना माझा हात घाईत होता, कारण अब्बा संध्याकाळच्या गाडीने परत येणार होते.

ज्या खुणेवरून आपलं हत्यार ओळखायचं, तीच मी अहवालात कारखान्याची म्हणून नोंदवली होती.

वत्सलाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. हातात घेतल्यावर खरी वाटते, अहवाल बदलतो, एवढं म्हणून मी मोकळा झालो असतो. शाळेचं काम झालं असतं, सुभेदारांचं नाव पुन्हा स्वच्छ झालं असतं आणि माझंही राहिलं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि एकदा नाही, दोनदा आलं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "एकदाच घराबाहेर गेली हुती ती. हितंच कुटंतरी, कसब्यात. साफ कराया."

"माझ्याकडे आली होती," मी म्हणालो. "आतला गंज मी काढला. तो काढायचा नसतो. त्या गंजावरूनच तिचं वय कळलं असतं. तो मी पुसला आणि आता नाही म्हणून तिला खोटी म्हणालो." आणि मग, कशासाठी कोण जाणे, पुढे बोललो, "पण सुभेदारांना आवडलं होतं. छान चकचकीत केलंस म्हणाले होते."

वत्सलाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमीच व्हय ते पोरगं?"

"कुठलं पोरगं?"

"मी तवा नवी नवरी. मामंजी तलवार घिऊन आले अन् जेवले न्हाईत. दोन दिस. मला वाटलं, माझ्याच हातनं कालवनात काय चुकलं. मग सासूबाईंना सांगत हुते ते आयकलं. ज्या जपान्यानं तलवार दिली, त्यानं हातानं खुना करून सांगितलं हुतं, आतलं पुसायचं न्हाई, माझ्या आजा-पंजाचं हाय. मामंजींनी त्याला शब्द दिला हुता. सासूबाई म्हनल्या, मग त्या शिकलगाराच्या पोराला बोलला का न्हाई? तर म्हनले, काय बोलू? पोरगं दोन दिस घासत बसलेलं. बोटं सोललेली त्याची. अन् माझ्याकडं असं बघत हुतं... छान केलंस म्हनलो अन् आलो."

मी रडलो. सत्तरीचा माणूस, परक्या बाईसमोर, हातात उघडं पातं धरून. ज्या एका वाक्यावर मी स्वतःला चांगला कारागीर समजत आलो, ते वाक्य त्या माणसाने स्वतः उपाशी राहून मला दिलेलं होतं. माझ्या चुकीने त्याचा शब्द मोडला होता आणि त्याला काळजी माझं तोंड उतरू नये याची पडली होती. त्याच माणसाला मी लाल अक्षरांत खोटं ठरवलं.

वत्सलाबाईंनी मला थोडा वेळ रडू दिलं. मग घोंगडीची घडी घालत म्हणाल्या, "रडून काय हुतंय? लिवा."

त्याच संध्याकाळी लिहिलं. तलवार हातात घेऊन पाहिली. पातं जुनं, हाताने घडवलेलं, अस्सल. पाच खड्डे कुंकवाचे. शेपटीवरचा मूळ गंज पंचेचाळीस वर्षांपूर्वी यासीन शिकलगार याने, मालकाने मनाई केलेली असताना, काढला. तीन ठिपके त्याच्याच पंचाचे. आधीचा अहवाल वस्तू हातात न घेता आणि मालकाशी न बोलता लिहिलेला होता. तो चूक होता. खाली सही.

केतकीचा लगेच फोन. "चाचा, हे सगळं पब्लिक जाणार? आपण नुसतं रिव्हाइज्ड रिपोर्ट म्हणू या ना. तुमची क्रेडिबिलिटी..."

"केतकी, उद्या कुणीही तिची मूठ काढेल आणि साफ शेपूट बघून नाक मुरडेल. ती कुणी साफ केली आणि का केली, हे लिहिल्याशिवाय ती तलवार कायमची संशयातच राहणार. माझी चूक हाच तिचा पुरावा आहे. एक अक्षर गाळू नकोस."

तिने गाळलं नाही. लाल अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी माझी कबुली आली, ठिपक्यांच्या फोटोसकट. दोन-तीन ओळखीच्या संग्राहकांनी मला फोटो पाठवणं थांबवलं. एकाने कळवलं, "चाचा, आता तुमच्यासाठीही एक तपासनीस नेमा." पुणेरीच होता तो. त्याचं चुकलं नव्हतं.

लिलाव पुन्हा झाला. पुण्यातल्याच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने तलवार घेतली. पण जाणकार लोक पुसलेल्या शेपटीच्या तलवारीवर बोली लावताना हात आखडता घेतात आणि तसंच झालं. वत्सलाबाईंनी फोन करून सांगितलं. गावातली तोंडं बंद झाली होती, शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या होत्या. मग म्हणाल्या, "सात पोरांचं भागलं. दोन ऱ्हायली."

"कोण दोन?"

"साक्षी अन् आर्यन."

ही दोन मुलं माझ्यामुळे राहिली. गंज असता तर नऊच्या नऊ मुलांचं झालं असतं. सुभेदार असते तर यावरही काहीतरी बरं बोलून गेले असते, पण आता तसं बोलायला कुणी नव्हतं.

साक्षी आणि आर्यनला यंदा पावसाळ्याच्या आत यंत्रं मिळाली. ती कशी, ते सांगून थांबतो.

आमच्या घरात एकच जुनं हत्यार उरलं होतं, पणजोबांनी स्वतः घडवलेला खंजीर. अब्बांनी तो कधी विकला नाही, मीही नाही. तो घेऊन मी केतकीच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, लिलावाला लाव, त्याच शाळेसाठी. तिने नेहमीचा फॉर्म समोर ओढला.

"हा तुमच्या पणजोबांनीच केलाय, याला पुरावा काय?"

"मी सांगतोय ना."

ती मान खाली घालून म्हणाली, "चाचा, कहाणीवर जाऊ नकोस, लोखंडावर जा. तुम्हीच सांगितलंय."

वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. ऑफिसातल्या चहाच्या शेगडीवर राळ तापवून मी मूठ सोडवली. आत तीन ठिपके होते.

"ही खूण तुमच्या घरचीच कशावरून? दुसऱ्या कुठल्या हत्यारावर आहे? बाहेरच्या घरात असलेल्या?"

अब्बांच्या हातून गेलेली किती हत्यारं असतील आणि ती कुठे असतील, मला माहीत नाही. मला एकाच ठिकाणी ती खूण असल्याचं माहीत होतं. केतकीच्याही ते एकदमच लक्षात आलं. तिने कॉम्प्युटरवर सुभेदारांच्या तलवारीचा फोटो उघडला आणि खंजीर त्याच्या शेजारी धरला. तीन ठिपके आणि तीन ठिपके. पंचेचाळीस वर्षं परक्या घरात राहिलेलं लोखंड माझ्या बाजूने साक्ष देत होतं. तिने फॉर्मवर बरोबरची खूण केली. मी चष्मा पुसत बसलो.

फोटो काढायचे होते. खंजिराच्या शेपटीवर राळेखाली काळा गंज साचलेला होता, पणजोबांच्या वेळचा.

"जरा साफ करते, म्हणजे ठिपके नीट येतील," केतकी म्हणाली आणि तिने फडकं उचललं.

मी तिचं मनगट धरलं.